महाबळेश्वरहून आणलेलं निळं हायड्रेंजिया अमळनेरात गुलाबी झालं!

खापरपोळी (अमळनेर) | ९ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गेल्या एप्रिलात महाबळेश्वरला गेलो होतो. परतताना एका नर्सरीच्या दारात हायड्रेंजियाच्या कुंड्या मांडलेल्या दिसल्या आणि मी गाडी थांबवायला लावली. नारळाएवढा एकेक गुच्छ, रंग कपड्यांना द्यायच्या निळीसारखा. दोन रोपं घेतली. आमच्या ह्यांनी अमळनेरपर्यंत पाय आखडून प्रवास केला, कारण पायाशी कुंड्या होत्या. अजून ऐकवतात.

एक रोप मे महिन्यातच गेलं. दुसरं कसंबसं वाचलं, म्हणून पाऊस पडल्यावर मागच्या अंगणात निंबाखाली जमिनीत लावून टाकलं. दसऱ्यानंतर गुलाबांची छाटणी केली तेव्हा हातात कात्री होतीच, याच्याही चारपैकी तीन फांद्या गुडघ्याएवढ्या ठेवून कापल्या. चौथी भिंतीकडे होती, राहून गेली. आता फाल्गुनात त्या तीन फांद्यांवर नुसती पानं आहेत. चौथीला एक गुच्छ आलाय, आणि तो गुलाबी आहे! फिका गुलाबी नाही, लग्नातल्या फेट्याचा असतो तसा.

नर्सरीवाल्यानं रंग लावून विकलं का मला? सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "आठलं पानी लागनं त्याले." (इथलं पाणी लागलं त्याला.) शिवाय कोवळी पानं पिवळी पडतायत, शिरा मात्र हिरव्या आहेत.

आणखी एक. यंदा मला उन्हाळी बागेसाठी दोन-तीन हायड्रेंजिया घ्यायची आहेत. नेटवर वाचलं की पॅनिक्युलाटा लाइमलाइट भर उन्हात फुलतं, ॲनाबेल कधी दगा देत नाही, एंडलेस समर उन्हाळाभर फुलत राहतं. यातलं खान्देशात कोणी लावलंय का? फोटो चढवते आहे, चढला तर.

सज्जातलीबाग (पुणे) | ९ मार्च, रात्री ११:१५

फोटो दिसत नाहीये. आमच्याकडे पूर्वेच्या गॅलरीत छान फुलतं. सकाळचं चार तास ऊन द्या, दुपारी सावली. तुमच्याकडे ऊन कमी पडत असेल.

मृगबाग (रावेर) | १० मार्च, सकाळी ६:०५

"ऊन कमी पडत असेल" हे रावेरात बसून वाचलं. सकाळीच हसू आलं बुवा, आभारी आहे.

गच्चीवरची (जळगाव) | १० मार्च, सकाळी ९:३०

पुणेकर ताईंना दोष नको, त्यांच्या गॅलरीत ते खरंच आहे. पण सकाळचं चार तास म्हणजे मे महिन्यात आमच्याकडे दहापर्यंत, आणि दहाला गच्चीवर अनवाणी उभं राहून दाखवा.

खापरपोळी, फुलं नाहीत याचं कारण तुमच्याच पोस्टमध्ये आहे. कापलेल्या तीन फांद्यांना काही नाही, विसरलेल्या फांदीला गुच्छ. तुमचं झाड मॅक्रोफायला आहे, मोठ्या पानांचं. त्याची कळी जुन्या फांदीच्या शेंड्यात थंडीत तयार होते. रात्री १८ अंशांच्या खाली उतरल्या आणि तसा दीडेक महिना मिळाला की शेंड्याच्या डोळ्यात गुच्छ बसतो. दिसत नाही, पण असतो. गुलाबाचं उलटं. गुलाब कापला की नव्या फुटीवर फुलतो, म्हणून आपण दसऱ्याला कात्री चालवतो. हायड्रेंजियाला त्या दिवशी ती लावली की नवी फूट थंडीपर्यंत कोवळीच राहते आणि वर्ष पानांवर भागवावं लागतं. मी दोन वर्षं हेच केलंय. तिसऱ्या वर्षी पायाला प्लास्टर होतं म्हणून छाटणी झाली नाही, आणि झाड फुललं.

छाटायचंच तर फुलं सुकल्यावर लगेच. गुच्छाखाली पहिली दणकट डोळ्यांची जोडी दिसते, तिच्या वर कापायचं. ऑगस्ट लागला की कात्री कपाटात.

खापरपोळी (अमळनेर) | १० मार्च, दुपारी १:२०

अरे देवा. म्हणजे मीच केलं. आणि रंग?

लिटमस (धुळे) | १० मार्च, रात्री ९:५०

रंगाबद्दल मी सांगतो. तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, हे एक फूल वर्गात सांगायला मला फार आवडायचं, पण दाखवायला कधी मिळालं नाही.

नर्सरीवाल्यानं फसवलेलं नाही. निळ्या आणि गुलाबी गुच्छात रंगद्रव्य एकच असतं, डेल्फिनिडिनचं. मातीतून ॲल्युमिनियम वर चढलं की ते त्या रंगद्रव्याला जोडलं जातं आणि गुच्छ निळा दिसतो. नाही चढलं की गुलाबी. ॲल्युमिनियम कुठल्याही मातीत भरपूर असतं, प्रश्न ते पाण्यात विरघळतं का हा आहे. माती आम्ल असेल, सामू (म्हणजे पीएच) साडेपाचच्या आत, तर विरघळतं. सामू सातच्या आसपास गेला की ते मातीत अडकून बसतं, मुळांना मिळत नाही.

महाबळेश्वरची माती जांभ्याची. धो धो पावसानं चुना धुऊन नेलेली, आम्ल. आपली काळी माती बेसॉल्टची, कमी पावसात तयार झालेली, सामू साडेसात ते साडेआठ, खाली चुनखडीचे खडे. त्यात तुम्ही बोअरचं पाणी घालता, तेही जड. झाडाला ॲल्युमिनियम मिळेना, ते गुलाबी झालं. सासूबाईंचं निदान शंभर टक्के बरोबर आहे, फक्त पाण्याबरोबर मातीही जोडा.

पिवळी पानंही त्याच आजाराची. लोहसुद्धा अशा मातीत अडकतं. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोहाची कमतरता.

एक घरगुती प्रयोग करा. अंगणातली चमचाभर कोरडी माती वाटीत घ्या, वर व्हिनेगर ओता आणि कान जवळ न्या. फसफसली तर चुना आहे.

आणि तो गुच्छ म्हणजे पाकळ्या नव्हेत, रंगीत निदलं आहेत, फुलाच्या बाहेरच्या आवरणाची. खरी फुलं त्यांच्या पोटात, मोहरीएवढी.

मृगबाग (रावेर) | ११ मार्च, सकाळी ६:२०

सरांचं मले पटलं. आमच्या केळीत ठिबकच्या नळ्या पांढऱ्या होऊन बंद पडतात, ॲसिड सोडून साफ कराव्या लागतात. तेच पाणी तुमच्या झाडाच्या मुळात बसतं रोज.

लोहासाठी कृषी सेवा केंद्रात चिलेटेड फेरस मागा, पण नुसतं फेरस म्हणून जे हातात देतील ते घेऊ नका. ईडीटीएवालं स्वस्त असतं, चुनखडीत टिकत नाही. ईडीडीएचए लिहिलेलं घ्या. चिमूटभर पाण्यात टाकलं की पाणी रक्तासारखं लाल होतं, तीच ओळख. ते फवारायचं नाही, मुळाशी ओतायचं.

खापरपोळी (अमळनेर) | ११ मार्च, दुपारी ४:१०

व्हिनेगर नव्हतं, लिंबू पिळलं. कान जवळ न्यायची गरजच पडली नाही सर, सोडा टाकलेल्या ढोकळ्याच्या पिठासारखी माती फसफसली. सासूबाई म्हणाल्या, आता वाफवून खा.

सुभेदारनिवृत्त (धुळे) | ११ मार्च, रात्री ८:००

वेलिंग्टनला, म्हणजे कुन्नूरजवळ निलगिरीत, तीन वर्षं होतो. तिथे हे झाड कोणी "लावत" नाही. क्वार्टरच्या मागे, गटाराच्या कडेला, चहाच्या मळ्याच्या कुंपणाला निळं रान माजलेलं असतं. आमच्या हिनं निवृत्तीच्या वेळी ट्रंकेत ओल्या गोणपाटात गुंडाळून सहा छाटे आणले. धुळ्यात दोन लागले. गेली बारा वर्षं ते कुंडीत आहेत. निळे एकदाही झाले नाहीत, आणि आम्ही कधी मनाला लावून घेतलं नाही.

ताई, झाड काय मरत नही. फक्त दुपारना वारा लागू देऊ नका.

जमिनीतून मात्र काढा. निंबाची मुळं त्याला पाणी मिळू देणार नाहीत.

लिटमस (धुळे) | ११ मार्च, रात्री ९:३०

आता तुमच्या "उन्हाळी बागे"कडे येतो, कारण सगळा घोटाळा त्या शब्दात आहे. नेटवरची ती पानं ज्यांनी लिहिली, त्यांचा उन्हाळा वेगळा. एंडलेस समर ही जात अमेरिकेत मिनेसोटातल्या एका रोपवाटिकेत १९९८ साली हेरली गेली आणि २००४ मध्ये बाजारात आली. मिनेसोटातली जुलैची दुपार म्हणजे साधारण २८ अंश. आपल्याकडे २८ अंशांची दुपार जानेवारीत असते. त्यांनी "समर" लिहिलं की तुम्ही "पौष" वाचा, मग सगळं जुळतं. हायड्रेंजियाचा उन्हाळा आपल्याकडे पौषात सुरू होतो आणि चैत्रात संपतो. वैशाख त्याच्या पंचांगात नाहीच.

खापरपोळी (अमळनेर) | ११ मार्च, रात्री १०:०५

म्हणजे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्याशेजारी हायड्रेंजियाच्या कुंड्या, हे माझं स्वप्न बाद?

गच्चीवरची (जळगाव) | ११ मार्च, रात्री १०:४०

आखाजीला झोक्याशेजारी मोगरा ठेवा. कडक उन्हात मोगऱ्याला जो बहर येतो तो महाबळेश्वरवाल्यांना सात जन्मात मिळायचा नाही. जूनच्या तोंडाला मे फ्लॉवरचे लाल गोळे जमिनीतून वर येतात, तेही तुमचेच. ज्यांना गुच्छच हवा त्यांनी इक्झोरा लावावी. गुलाबी लोंबता गोळा हवा असेल तर डोंबेया बघा. त्याला गरम प्रदेशातलं हायड्रेंजिया म्हणतातच, पण झाड मोठं होतं आणि फुलतं थंडीत.

जातींचं सांगते. पॅनिक्युलाटा, म्हणजे लाइमलाइट वगैरे शंकूसारख्या गुच्छाची, नव्या फांदीवर फुलतात आणि थंड देशात भर उन्हात उभी राहतात हे खरं. पण त्यांना कडक हिवाळा लागतो, पानं गाळून झोपायला. आपल्याकडे झोपच लागत नाही. मी एक मागवलं होतं, दीड वर्षं काडीसारखं उभं होतं. ना मेलं, ना जगलं. ॲनाबेलचीही गोष्ट तीच. ओकसारख्या पानांचं क्वेर्सिफोलिया तर इथे मी कुठल्या नर्सरीत पाहिलेलंही नाही. तेव्हा मॅक्रोफायलाच घ्यायचं, गोल डोक्याचं, जे डिसेंबर-जानेवारीत जळगाव-नाशिकच्या नर्सऱ्यांत कुंडीत येतं. त्यावर नाव नसतं. "निळा", "गुलाबी", "पांढरा" एवढंच सांगतात, आणि पहिल्या दोनांचा भरवसा नाही हे वर सरांनी सांगितलंच. पांढरा मात्र पांढराच राहतो, त्याला मातीचं सोयरसुतक नाही. रंगावरून वर्षभर झुरायचं नसेल तर पांढरा घ्या.

घेताना फुलांनी लदलेली कुंडी घेऊ नका. मला विचाराल तर बुटकं, खालून तीन-चार फांद्या फुटलेलं, जाड शेंड्याचं रोप घ्या. नर्सरीतली बरीच झाडं शेडनेटखाली खतावर फुगवलेली असतात. घरी आणली की पंधरा दिवसांत मान टाकतात आणि आपण स्वतःला दोष देत बसतो.

पहिलीकुंडी (चोपडा) | १२ मार्च, सकाळी ११:००

मी ऑनलाइन "ब्लू हायड्रेंजिया सीड्स" मागवल्या. पाकिटात मेथीएवढ्या बिया आहेत. पेरू का?

गच्चीवरची (जळगाव) | १२ मार्च, सकाळी ११:१०

हायड्रेंजियाचं बी धुळीसारखं बारीक असतं. मेथीएवढं असेल तर मेथीच निघेल, भाजी करा.

पहिलीकुंडी (चोपडा) | २९ मार्च, सायंकाळी ७:३०

मेथीच निघाली. भाजी केली.

मृगबाग (रावेर) | २९ मार्च, रात्री ८:४५

फुकट नाही गेलं मग. हे झाड फांदीनंच वाढवायचं. आषाढात न फुललेली, बोटभर जाडीची नको, पेन्सिलीएवढी फांदी घ्या, दोन पेरांची. खालची पानं काढा, वरची अर्धी कापा. वाळू आणि कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.

खापरपोळी (अमळनेर) | २ एप्रिल, सकाळी १०:१५

झाड जमिनीतून काढलं. मुळांना चिकटलेली काळी माती बादलीत बुडवून धुतली. नव्या कुंडीत काय भरू? नर्सरीत "लाल माती" म्हणून मिळते ती चालेल?

लिटमस (धुळे) | २ एप्रिल, दुपारी १२:००

लिंबू आहे ना घरात? त्या लाल मातीवरही पिळा. बऱ्याचदा लाल माती म्हणून लाल मुरूम गळ्यात मारतात. फसफसली तर परत करा.

निम्मं कोकोपीट (दोन पाणी बदलून धुतलेलं, त्यात मीठ असतं), उरलेल्यात पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणि न फसफसणारी लाल माती. हाडांचा चुरा आणि सुपर फॉस्फेट नको, निळं हवं असेल तर मुळीच नको. फॉस्फरस ॲल्युमिनियमला धरून ठेवतो. जमिनीत गंधक घालून सामू उतरवा असं कोणी सांगेल. चुनखडी असलेल्या आपल्या जमिनीत ते समुद्रात साखर टाकण्यासारखं आहे. कुंडीतच काय ती करामत करा. आणि गंजके खिळे पुरू नका. लोखंडानं निळं होत नाही, फक्त नंतर माती उकरताना बोटाला लागतं.

गच्चीवरची (जळगाव) | २ एप्रिल, दुपारी ३:३०

पाण्याचं सांगायचं राहिलं. आरओतून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची आपल्याला भारी हौस असते. हायड्रेंजियाला चुकूनही घालू नका, सगळा क्षार त्यातच उतरलेला असतो. कूलरच्या टाकीतलंही नको, पाणी उडतं आणि क्षार मागे राहतो. टाकीच्या तळाला पांढरी साय धरते ना, तीच. एसीचं पाणी उत्तम, त्यात चुना नसतो. पण गंमत बघा, मे महिन्यात हवा इतकी कोरडी की एसीच्या नळीतून तांब्याभरसुद्धा पडत नाही. पावसाळी दमटात बादली भरते, तेव्हा गरज नसते. म्हणून मी जुलै-ऑगस्टात पागोळ्यांचं पाणी दोन ड्रममध्ये झाकून ठेवते. यंदा मार्चअखेर एक उरलाय, तो फक्त या कुंड्यांसाठी. नवऱ्यानं त्यातलं गाडी धुवायला घेतलं तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.

खापरपोळी (अमळनेर) | १४ मे, दुपारी ३:१०

गच्चीवरची, आत्ता या क्षणी लिहितेय. बाहेर ४४ आहे. कुंडी उत्तरेच्या भिंतीशी, वर पंच्याहत्तर टक्क्यांची हिरवी शेडनेट. अकरा वाजता पानं ताठ होती. दोनला बघितलं तर सगळी पानं देठातून लोंबलेली, ओल्या फडक्यासारखी. तांब्याभर पाणी घातलं. तीनला गेले, अजून लोंबलेली. आता आणखी घालू का?

गच्चीवरची (जळगाव) | १४ मे, दुपारी ३:१४

थांबा!! बोट घाला मातीत, दोन पेरं.

खापरपोळी (अमळनेर) | १४ मे, दुपारी ३:१७

ओली आहे. थंडही आहे.

गच्चीवरची (जळगाव) | १४ मे, दुपारी ३:२५

मग तांब्या खाली ठेवा आणि आत जाऊन पंख्याखाली बसा. एवढं मोठं, पातळ पान. या हवेत त्यातून पाणी उडतं तेवढं मुळांना वर चढवता येत नाही. तहान नाही ती, दम लागलाय. सूर्य कलला की उठेल. तुम्ही दर तासाला पाणी घालत राहिलात तर मुळं कुजतील आणि मग ते खरंच उठणार नाही. तुमचं पहिलं रोप बहुतेक असंच गेलं. माझीही चार गेली आहेत, पाण्यात बुडवून मारलेली, प्रेमानं.

खापरपोळी (अमळनेर) | १४ मे, सायंकाळी ७:४०

उठलं!!! सगळी पानं वर. दोन पानांच्या कडा मात्र पापडासारख्या भाजल्यात.

सुभेदारनिवृत्त (धुळे) | १४ मे, रात्री ८:१०

भाजलेली पानं काढू नका, तेवढीच खालच्याला सावली. आणि कुंडी मोठ्या कुंडीत बसवा, मधल्या फटीत वाळू भरा, ती वाळू ओली ठेवा. माठासारखं काम करतं, मूळ थंड राहतं. आम्ही बारा वर्षं एवढंच करतोय. पश्चिमेच्या बाजूला गोणपाट टांगा, चार वाजता त्यावर पाणी शिंपडा.

मृगबाग (रावेर) | १५ मे, सकाळी ५:५०

मी तर माझ्या तीन कुंड्या केळीच्या बागेत नेऊन ठेवल्या. पश्चिमेला शेवरीची ताटी आहे, वर केळीची पानं, खाली ठिबकची ओल. बांधावर उभं राहिलं तर वाफ लागते तोंडाला, आणि चार सऱ्या आत गेलं की वेगळाच मुलूख. तिथे तिघीही ताठ उभ्या आहेत. मजूर विचारतात, भाऊ, हे कोणतं नवं पीक? एका बाईनं शेळीसाठी पाला मागितला. तिला हात जोडले. मंडळी, हे लक्षात ठेवा, पाला विषारी आहे. शेळी, वासरू, कुत्रं, कोणाच्याही तोंडापासून लांब ठेवा.

पहिलीकुंडी (चोपडा) | १५ मे, सकाळी ९:००

केळीच्या बागेत कुंडीचं भाडं किती घ्याल?

मृगबाग (रावेर) | १५ मे, रात्री ९:२०

भरीत-भाकरी.

खापरपोळी (अमळनेर) | २१ सप्टेंबर, सकाळी ११:४५

धागा वर काढते. झाड जगलं. पावसाळ्यात इतकं तरारलं की ओळखू येईना, ईडीडीएचएनं पानंही हिरवी झाली. मृगबाग भाऊंनी सांगितलं तसे आषाढात पाच छाटे लावले, तीन लागले. यंदा दसऱ्याला कात्री सासूबाईंच्या ताब्यात राहील असं ठरलंय.

सर, मूळ झाड गुलाबीच ठेवते, पण एका लेकराला निळं करून बघायचंय. कशानं करू?

लिटमस (धुळे) | २१ सप्टेंबर, रात्री ९:००

तुरटीनं. न्हाव्याच्या दुकानात असते तीच. तिच्यात ॲल्युमिनियम आहे. चहाचा एक चमचा पूड पाच लिटर पावसाच्या पाण्यात विरघळवा. आधी साध्या पाण्यानं माती ओली करा, मग हे. पंधरा दिवसांतून एकदा, आत्तापासून कळी दिसेपर्यंत. जास्त घातलं तर मुळं करपतात, उत्साहाला आवर घाला. कळीला रंग चढायला लागल्यावर सुरू करून उपयोग नाही. आणि पहिल्याच वर्षी महाबळेश्वरची अपेक्षा नको, लेकरू फुललं तरी खूप.

गच्चीवरची (जळगाव) | २१ सप्टेंबर, रात्री ९:३०

बोअरचं पाणी एकदा जरी घातलंत तरी तुरटीची मेहनत मागे जाते. ड्रम भरलात ना?

खापरपोळी (अमळनेर) | २२ सप्टेंबर, सकाळी ८:००

दोन. आणि कुलूप लावलंय.

खापरपोळी (अमळनेर) | १८ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

फोटो चढला एकदाचा! डावीकडे मोठं झाड, सहा गुच्छ, सहाही फेट्याचा गुलाबी. उजवीकडे तुरटीचं लेकरू, एकच गुच्छ, लिंबाएवढा. रंग बघा. निळा नाही, गुलाबी नाही. कडेनं जांभळा, मध्ये राखाडीकडे झुकलेला. ह्यांच्या मते शाई सांडल्यासारखा दिसतो. सासूबाईंनी चष्मा लावून दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाल्या, "वांगं."

लिटमस (धुळे) | १८ फेब्रुवारी, दुपारी २:१५

वा! ॲल्युमिनियम चढलंय, पण पुरेसं नाही. हा मधला रंग वर्गात फळ्यावर काढून दाखवता यायचा नाही. मी रविवारी अमळनेरला येतोय, बघायला. चालेल ना?

खापरपोळी (अमळनेर) | १८ फेब्रुवारी, दुपारी २:४०

या की सर. मांडे करते. पण लवकर या, एकच गुच्छ आहे आणि धाकटीनं परवाच्या हळदीकुंकवाला तो केसात माळायचा ठरवलंय.

गच्चीवरची (जळगाव) | १८ फेब्रुवारी, दुपारी ३:०५

कापलात तर गुच्छ उलटा करून अख्खा पाण्यात बुडवून ठेवा, अर्धा तास. निदलांमधूनही पाणी पितो. नाहीतर हळदीकुंकू संपायच्या आत मान टाकेल. आणि माझं एक कलम राखून ठेवा, वांग्याचंच.

सज्जातलीबाग (पुणे) | १८ फेब्रुवारी, सायंकाळी ५:३०

छान दिसतंय! थोडं ऊन वाढवून बघा.

मृगबाग (रावेर) | १८ फेब्रुवारी, सायंकाळी ५:३२

😂